मांजर नावाचा पक्षी

मांजर आडवं गेलं की आपण म्हणतो, अपशकुन झाला. संस्कृताच्या हिशेबाने याचा अर्थ असा, की मांजर आडवं गेलं आणि एक वाईट पक्षी झाला. कारण शकुन म्हणजे पक्षी. शकुन, शकुनि, शकुंत, शकुंति ही सगळी पाखरांची नावं. भविष्य त्यांना मागाहून चिकटलं. घराच्या आसपासच्या पाखरांचा जो पिढीजात वैरी, त्यालाच पाखराच्या नावावर बसवण्याचा हा विनोद एकट्यादुकट्या माणसाला सुचणारा नाही. त्याला अख्खी भाषा लागते आणि काही हजार वर्षं लागतात.

शकुन या शब्दाची उकल यास्काचार्यांनी निरुक्तात केली आहे. एखाद्या शब्दाचं मूळ सांगताना एकावर थांबायचं नाही, तीनचार सांगून मोकळं व्हायचं, ही त्यांची सवय. घेणाऱ्याने पसंत पडेल ते घ्यावं. ‘शक्’ म्हणजे जमणं, शक्य होणं. म्हणून जो स्वतःला वर उचलू शकतो तो शकुनि. किंवा जो आवाज करू शकतो तो. किंवा, जो सगळीकडून कल्याण करो असं म्हणावंसं वाटतं, तो. पहिली उकल मला आवडते. भाषाशास्त्रज्ञ तिला पास करतील की नाही हा प्रश्न निराळा, पण स्वतःला स्वतःच वर उचलणं ही गोष्ट ज्याला जमते त्याला उद्याचंही काही कळत असेल, असं खाली उभ्या असलेल्या माणसाला वाटणं साहजिक आहे. वरून दिसतंच जास्त.

महाभारतात या शब्दाची दोन माणसं आहेत आणि दोघांच्या नशिबात फार फरक आहे. मेनकेने मालिनी नदीच्या काठी टाकून दिलेल्या तान्ह्या मुलीला शकुंतांनी, म्हणजे पाखरांनी, राखलं. म्हणून कण्वांनी तिचं नाव शकुंतला ठेवलं. दुसरा गांधार देशाचा शकुनी. नाव तेच, पाखराचं. पण शकुंतला नावाच्या मावश्या-आत्या एके काळी वाड्यावाड्यांत होत्या आणि शकुनी नावाचा मुलगा शाळेच्या पटावर कधी कुणी पाहिलेला नाही. लग्नाघरात मानपानाचा घोळ घालणाऱ्या एखाद्या मामाला ते नाव मिळतं, तेही पाठीमागे.

शकुनाची फार जुनी नोंद ऋग्वेदातली आहे. दुसऱ्या मंडलातली ४२वी आणि ४३वी ही दोन सूक्तं गृत्समद ऋषींची, आणि ती एका पाखराला उद्देशून आहेत. परंपरा त्याला कपिंजल म्हणते, म्हणजे तित्तिर. ऋषी त्याला सांगतात की बाबा रे, घराच्या दक्षिणेला बसून चांगलं काहीतरी बोल. यात नवल नाही; आपणही पोपटवाल्या जोश्यासमोर बसून मनातल्या मनात हेच म्हणतो. नवल त्याच्या आधी जे येतं त्याचं आहे. ऋषी म्हणतात, ससाणा तुला न मारो, गरुड न मारो, धनुष्यबाण घेतलेल्या माणसाला तू न सापडो. आधी पाखराच्या जिवाची काळजी, मग आपलं काम. भविष्य विचारायला आलेल्याने सांगणाऱ्याची एवढी विचारपूस पुढे कुठे केलेली माझ्या वाचनात नाही. ज्योतिषाकडे गेल्यावर आपण चप्पल काढता काढताच मुलीच्या लग्नाचं विचारतो.

सगळी पाखरं काही अशी लाडकी नव्हती. दहाव्या मंडलात १६५वं सूक्त कबुतरावर आहे. निर्ऋतीने, म्हणजे विनाशाच्या देवतेने, धाडलेलं कबुतर घरात शिरलं आहे, आता याला बाहेर कसं काढायचं, असा तो सगळा प्रसंग. आमच्या बाल्कनीला जाळी बसवणाऱ्या माणसाला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “मग त्यांनी जाळी नाही लावली का?” नव्हती, म्हणून सूक्त लिहिलं. त्याच सूक्तात घुबडाचाही उल्लेख आहे, आणि तो फार सोयीचा आहे: घुबड जे काही बोलेल ते फुकट जावो. शकुन पाहायचा, पण न आवडलेला शकुन गैरलागू ठरवायचा हक्क राखून ठेवायचा. पुढच्या तीन हजार वर्षांचं शकुनशास्त्र इथे एका ओळीत आलेलं आहे.

पाखरांवरून भविष्य पाहण्याचा मक्ता आपल्याकडेच होता असं मात्र नाही. ग्रीकांकडे पक्ष्याला आणि शकुनाला एकच शब्द चालायचा. अॅरिस्टोफेनिस या नाटककाराने इसवी सन पूर्व ४१४मध्ये ‘पक्षी’ नावाचं प्रहसन केलं. त्यात पाखरं माणसांना टोमणा मारतात, की तुम्ही शिंकेला पक्षी म्हणता, समोर आलेल्या नोकराला पक्षी म्हणता, गाढवालाही पक्षी म्हणता. अथेन्सच्या गाढवाचं आणि आपल्या मांजराचं दुखणं एकच. रोमन लोकांच्या लॅटिनमध्येही तेच: पक्षी आणि पाहणं या दोन शब्दांची मोळी बांधून ‘ऑस्पिशस’ हा शब्द निघाला, जो आज लग्नाच्या इंग्रजी पत्रिकेवर सोनेरी शाईने छापतात. ‘इन्ऑग्युरेशन’मध्येही पाखरांचा कौल घेणारा रोमन पुरोहित, ऑगर, दडलेला आहे. आमच्या नगरसेवकांनी व्यायामशाळेची फीत कापली तेव्हा वर एक घार फिरत होती. कुणीही तिच्याकडे पाहिलं नाही.

ग्रीकांना पाखरू उजवीकडून गेलेलं हवं असे. रोमन ऑगर दक्षिणेकडे तोंड करून बसत, त्यामुळे उगवती त्यांच्या डावीकडे यायची आणि त्यांना डावं शुभ. म्हणजे एकच गरुड, तोच सूर्य, आणि नुसतं तोंड फिरवून बसलं की युद्ध जिंकायचं की हरायचं हे बदलतं. डावं-उजवं करणं म्हणतात ते हेच असावं.

आपल्याकडे मात्र शब्दाचं पोट सुटतच गेलं. पाखराच्या जागी आधी इतर प्राणी आले: कुत्रा, कोल्हा, पाल. मग आवाज आले. मग शिंक. मग रिकामी घागर आणि भरलेली घागर. डोळ्याची पापणी. आणि शेवटी माणूस. इथे हसू थांबतं. पायगुण हा शब्द नव्या सुनेसाठी राखून ठेवलेला आहे. तिच्या पावलांबरोबर बढती आली तर तिची, आणि गाय आटली तरी तिचीच. कुंकू पुसलेली बाई समोर आली म्हणून प्रवासाला निघालेला माणूस घरात परतायचा, आणि ती बाई बहुतेक वेळा त्याचीच आई किंवा आत्या असायची, जिने पहाटे उठून त्याला शिदोरी बांधून दिलेली असायची. मे २०२२मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं असल्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने त्याच महिन्यात इतर गावांनीही तसं करावं असं परिपत्रक काढलं. ठरावाने मनं बदलतात का, असं विचारणारे होते. पण तित्तिरावर सोपवलेलं काम एखाद्या बाईच्या कपाळावर आणून ठेवणं हे निदान कागदावर तरी कुणीतरी चूक म्हटलं.

आमच्या एक मावशी शकुनांच्या बाबतीत अधिकारी व्यक्ती होत्या. त्यांचं नाव शकुंतला असायला हवं होतं, ते नव्हतं. मावशींचा व्यासंग अपशकुनांचा जेवढा, त्याहून जास्त उताऱ्यांचा. एक शिंक वाईट, लगोलग दुसरी आली तर दोन्ही रद्द. सर्दी झालेल्याची शिंक धरायची नाही. मांजर आडवं गेलं तर थांबायचं, रस्त्याने दुसरा कुणी आधी जाऊ द्यायचा आणि मग निघायचं. म्हणजे अपशकुन त्याच्या खात्यावर जमा. “पण मावशी, तो बिचारा?” असं विचारलं की त्या म्हणत, “त्याने मांजर पाहिलंय का? नाही ना? मग त्याला नाही लागत.” या युक्तिवादात मला आजवर भोक सापडलेलं नाही. पाल चुकचुकली की त्यांच्याकडे दोन अर्थ तयार असत. मनासारखं बोलणं चाललेलं असलं, तर ‘बघ, खरं आहे’. नसलं, तर ‘शंकेची पाल’.

मावशी रोममध्ये जन्मल्या असत्या तर सिनेटवर गेल्या असत्या. रोमन सैन्याबरोबर पिंजऱ्यात पवित्र कोंबड्या नेत. लढाईआधी त्यांच्यापुढे दाणे टाकायचे. त्या खाताना चोचीतून दाणे खाली सांडले तर उत्तम शकुन. इसवी सन पूर्व २४९मध्ये सिसिलीजवळच्या द्रेपाना इथे पब्लियस क्लॉडियस पुल्खर या सेनापतीच्या कोंबड्या खाईनात. तो चिडला. खात नसतील तर पिऊ देत म्हणाला आणि कोंबड्या समुद्रात फेकून दिल्या. मग लढाई झाली आणि कार्थेजवाल्यांनी त्याची नव्वदाहून अधिक जहाजं धरली. रोमला परतल्यावर त्याच्यावर खटला झाला, दंड झाला. शकुनावर विश्वास असणारे लोक ही गोष्ट आजही फार समाधानाने सांगतात. ते पुढचं सांगत नाहीत. सिसरो, जो स्वतः ऑगर होता, त्याने शकुनांवरच्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवलं आहे की या कोंबड्यांना पिंजऱ्यात उपाशी ठेवतात, मग त्या अधाशासारख्या तुटून पडणार आणि दाणे सांडणारच. म्हणजे पुल्खरची चूक पाखंडाची नव्हती, नियोजनाची होती. कोंबड्यांना आदल्या दिवशी जेवायला घालायचं नसतं.

त्याच ग्रंथात मार्सेलसचा किस्सा आहे. पाच वेळा कॉन्सल, मोठा सेनानी, आणि हाही ऑगर. तो म्हणे, एखादी कामगिरी मनात पक्की केली की बंद पालखीतून प्रवास करायचा. दिसलंच नाही तर अपशकुन कसला? मावशींनी ऐकलं असतं तर पदराचं टोक तोंडाला लावून मान डोलावली असती.

याच्या अगदी उलट बिब्युलसचं. इसवी सन पूर्व ५९मध्ये तो सीझरबरोबरचा दुसरा कॉन्सल. सीझरच्या कायद्यांना विरोध करायला गेला तर लोकांनी त्याला चौकातून हाकललं. मग तो घरात जाऊन बसला आणि रोज निरोप पाठवू लागला, की मी आकाशाकडे पाहतो आहे, शकुन बरे नाहीत. नियम असा होता की कुणी अधिकारी आकाश पाहत असला तर सभेचं काम चालवायचं नाही. वर्ष संपेपर्यंत बिब्युलस आकाश पाहत राहिला आणि सीझर कायदे करत राहिला. लोक थट्टेने म्हणू लागले की यंदाचे दोन कॉन्सल म्हणजे ज्युलियस आणि सीझर. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करावा असं आपण म्हणतो, पण त्याचं एवढं तपशीलवार प्रात्यक्षिक आपल्याकडे कुणी दिलेलं नाही. सहकारी सोसायट्यांचे काही सेक्रेटरी जवळपास पोचतात.

कोकणात माणसाने आकाशाकडे बघत बसण्याऐवजी सरळ देवाला विचारायची सोय केली. गुरव पाषाणाला फुलं, पाकळ्या किंवा ओली पानं लावतो, गाऱ्हाणं घालतो, जमलेले लोक ‘व्हय महाराजा’ म्हणतात, आणि सगळे डोळे त्या पाकळीवर. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. याला कौल म्हणतात आणि हा शब्द अरबी आहे: कौल म्हणजे बोल, दिलेला शब्द. शिवकाळात ओसाड गावांत रयत वसवताना कौल देत, तोही हाच, आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत जनता देते तोही हाच. मला या पद्धतीतला सगळ्यात सुंदर भाग वाटतो तो पाकळी पडत नाही तेव्हाचा. कुणी घाई करत नाही. गुरव पुन्हा विनवतो. काही चुकलं असेल, कुणाचा मान राहिला असेल तर सांग म्हणतो. तेवढ्या वेळात जमिनीवरून भांडणारे दोन भाऊ एकमेकांशेजारी हात जोडून उभे असतात आणि एकालाही बोलता येत नाही. तालुक्याच्या कोर्टाला एवढी शांतता जमत नाही. आणि डावा कौल आला तर? प्रश्न जरा फिरवून पुन्हा विचारता येतो. देवही माणसांत राहून व्यवहार शिकलेला आहे.

या सगळ्या पसाऱ्यात मूळ पाखरं कुठे गेली? ती शेतात आहेत, आणि तिथे मात्र शकुनाच्या गोष्टीला थोडा तोल येतो. पावशा पक्षी पावसाच्या तोंडावर ओरडू लागतो तेव्हा शेतकऱ्याला त्यात ‘पेरते व्हा’ ऐकू येतं. साहेबाला त्याच ओरडण्यात ‘ब्रेनफीवर’ ऐकू आला. ज्याच्या डोक्यात जे असतं ते. चातक उत्तर आणि मध्य भारतात खरोखरच मोसमी वाऱ्यांच्या सुमाराला आफ्रिकेकडून येतो. त्याला वाऱ्याची वेळ ठाऊक असते म्हणून तो येतो. त्यात चमत्कार नाही, पण वेळापत्रक आहे. कावळ्याने झाडाच्या शेंड्यावर घरटं बांधलं तर पाऊस बेताचा, हा समज खेड्यांत सगळीकडे सापडतो. मारुती चितमपल्लींनी जंगलात आयुष्य काढून पाखरांविषयीच्या असल्या कितीतरी गोष्टी, नावं, समजुती गोळा केल्या. कावळ्याला खरंच कळतं की नाही यावर वाद घालायला हरकत नाही, पण त्यासाठी निदान कुणीतरी मान वर करून घरटं पाहिलेलं असतं. बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात, भोवती अठरा धान्यं ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे काय हललं काय राहिलं यावरून पाऊस, पिकं आणि विड्याच्या पानावरून थेट राजाची गादी सांगतात. यात पाखरू नाही. फार तर रात्री दाणे टिपायला आलेलं असेल. अंधश्रद्धा निर्मूलनवाले रागावतात आणि वाहिन्यांचे कॅमेरे दर वर्षी जातात. हवामान खात्याचा अंदाज चुकला तर आपण विनोद करतो, आणि भेंडवळचा चुकला तर गप्प बसतो. खात्याने हे मनाला लावून घेऊ नये.

जे पाखरू दिसणं शुभ, त्याचे हाल मात्र वाईट. दसऱ्याला नीलकंठ दिसावा अशी अनेक भागांत समजूत आहे. तो आपणहून दिसेलच असं नाही, म्हणून त्याला आधीच पकडून, पाय बांधून, पिंजऱ्यात घालून दारोदार दाखवत फिरवणारे लोक निघाले. वन्यजीव कायद्याने हा गुन्हा आहे. त्या मानाने आमचा भारद्वाज हुशार. तांबूस पंख, लाल डोळा, चाल एखाद्या निवृत्त मामलेदाराची. तो दिसला की दिवस चांगला जातो म्हणतात, म्हणून सकाळी फिरायला जाणारी मंडळी त्याच्या झुडपाशी जरा रेंगाळतात. तो ‘हूप हूप’ असा आवाज देतो आणि दिसत नाही. ऐकू येणं धरायचं का, यावर आमच्या बागेत दोन पक्ष आहेत.

मी स्वतः अलीकडे वराहमिहिरांच्या बाजूला झुकलो आहे. सहाव्या शतकातल्या या विद्वानाने बृहत्संहितेत शकुनांवर अध्यायच्या अध्याय लिहिले. कावळ्याचा निराळा, कोल्हीचा निराळा, कुत्र्याचा निराळा. कुत्र्याच्या अध्यायाची सुरुवातच अशी आहे, की माणूस, घोडा, हत्ती, घडा, खोगीर, विटांचा ढीग, छत्री, पलंग, आसन, उखळ, निशाण, चवरी, हिरवळ यांपैकी कशावरही कुत्र्याने पाय वर केला आणि मग तो प्रवाशाच्या पुढे चालू लागला, तर त्या प्रवाशाचं काम फत्ते. यादी मी मुद्दाम पूर्ण वाचली. एवढ्या गोष्टींवर कुत्रा काय करतो हे बघत हा ज्योतिर्विद किती सकाळी उज्जैनच्या रस्त्यांवरून हिंडला असेल, या विचाराने मला त्यांच्याविषयी आदरच वाटला.

आमच्या सोसायटीतला कुत्रा रोज सकाळी माझ्या स्कूटरवर हा शकुन करतो. यादीत स्कूटर नाही, पण खोगीर आहे आणि आसन आहे. गेल्या सभेत पार्किंगमध्ये लाल पाण्याच्या बाटल्या ठेवण्याचा विषय निघाला. त्या रंगाला कुत्रे भितात म्हणे. मी उठून वराहमिहिरांचा दाखला दिला. सेक्रेटरींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “पण तो नंतर तुमच्या पुढे चालतो का?” या माणसाने अध्याय वाचला होता. मी खरं ते सांगितलं: चालत नाही, तिथेच उभा राहून माझ्यावर भुंकतो. बाटल्या मंजूर झाल्या. कुत्र्याने त्यांतल्या एका बाटलीवर परवाच पाय वर केला, आणि घडा यादीत आहे, म्हणून विषय पुढच्या सभेत पुन्हा घ्यावा असा अर्ज मी दिलेला आहे.